चार दिवसांचा बाजार आणि उरलेले ३६१ दिवस

डिसेंबर संपत आला की मोबाईलवर सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. नव्या वर्षात धंद्याची वेबसाईट कशी सुधारायची, भेट देणाऱ्यांची संख्या दुप्पट कशी करायची, ‘ब्रँड’ कसा उभा करायचा. दहा संकल्प, बारा संकल्प, एकवीस संकल्प. सांगणाऱ्याचा स्वतःचा कोर्स व्हिडिओच्या शेवटी विकायला असतोच. आपली पोरं ते बघतात आणि एकमेकांना पाठवतात. आमचा त्या पोरांवर राग नाही. धंदा करणाऱ्याने आपली वेबसाईट सुधारायचं ठरवणं ही चांगलीच गोष्ट आहे. आमचा प्रश्न एवढाच की हे संकल्प ज्याच्यासाठी लिहिले जातात तो माणूस कोण? आपला पुस्तकविक्रेता, आपला प्रकाशक, आपला केटरर, फ्लेक्स छापणारं आपलं दुकान, बुद्धमूर्ती घडवणारा आपला कारागीर त्या माणसात बसतो का?

आमच्या मते बसत नाही. कसा बसत नाही ते नीट मांडायला हवं, कारण त्यावर आपल्या काही माणसांचं पोट अवलंबून आहे आणि चळवळीची वाचनसंस्कृतीही.

आधी शब्दाबद्दल. संकल्प हा शब्दच आम्हाला खटकतो. भटजी यजमानाच्या हातावर पळीभर पाणी घालतो, गोत्र विचारतो, ताम्हनात पाणी सोडायला लावतो. पाणी सोडलं की संकल्प झाला. पुढे त्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही. एक जानेवारीचे संकल्पही याच जातीचे असतात. आपल्याकडे प्रतिज्ञा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा या अंगाने पुन्हा वाचा. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही. बहुतेक प्रतिज्ञा अशा आहेत की पाळली की मोडली ते शेजाऱ्यालाही कळतं. वेबसाईटचं ध्येय ठरवताना हीच कसोटी लावा. ‘यंदा ऑनलाइन उपस्थिती वाढवू’ हे पळीतलं पाणी झालं. ‘३१ जानेवारीच्या आत आमच्या सगळ्या पुस्तकांची नावं, किमती आणि मागणी नोंदवायचा नंबर वेबसाईटवर असेल’ ही प्रतिज्ञा झाली. ३१ जानेवारी का, ते या पानाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

आता आपल्या धंद्याचं कॅलेंडर बघू. ६ डिसेंबरला चैत्यभूमी. १ जानेवारीला भीमा कोरेगाव. १४ एप्रिलला गावोगावच्या जयंत्या. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी. या चार दिवसांत आपली माणसं जेवढी पुस्तकं विकत घेतात तेवढी घेणारा दुसरा समाज दाखवा, असं आम्ही कुठल्याही साहित्य संमेलनाच्या मांडवात उभं राहून म्हणायला तयार आहोत. खेड्यातून रेल्वेने उभ्याने आलेला माणूस शिवाजी पार्कवरून परत निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत कॅलेंडर, बिल्ले, छोटी मूर्ती आणि तीन-चार पुस्तकं असतात. भाकरी घरून बांधून आणलेली असते, पैसे पुस्तकांसाठी राखलेले असतात. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो कुणाच्या परवानगीने वाटत नाही.

पण त्या स्टॉलच्या मागच्या बाजूने बघा. विक्रेता दोन रात्री जागा धरून बसलेला असतो, टेम्पोचं भाडं आणि पोरांची मजुरी द्यायची असते. त्या दिवशी हजार हात त्याच्या पुस्तकांना लागतात. संध्याकाळी त्याच्याकडे रोकड असते, हल्ली क्यूआर कोडवर आलेले पैसेही असतात. पण त्या हजारांतल्या एकाचंही नाव, गाव, आवड त्याला माहीत नसते. घेणाऱ्याकडेही विक्रेत्याचा पत्ता नसतो. फार तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक फोन नंबर असतो आणि तो बंद असतो. पुढे जुलैमध्ये अंबाजोगाईच्या एखाद्या विद्यार्थिनीला त्याच पुस्तकाचा दुसरा भाग हवा असतो. ती मोबाईलवर शोधते. तिला आधी मोठ्या कंपन्यांची दुकानं दिसतात, त्यानंतर फुकट पीडीएफ. ज्याने ते पुस्तक चाळीस वर्षं जिवंत ठेवलं तो प्रकाशक तिला दिसतच नाही. तो त्या वेळी पुढच्या दीक्षाभूमीची वाट बघत गठ्ठ्यांना वाळवीपासून वाचवत असतो.

चार दिवस बाजार आणि ३६१ दिवस शुकशुकाट, हा आपल्या धंद्याचा आजार आहे. वेबसाईट हवी ती या ३६१ दिवसांसाठी. म्हणून आमच्या लेखी नव्या वर्षाचा आकडा एकच आहे: जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत तुमच्याकडे वेबसाईटवरून किती मागण्या आल्या? फॉलोअर किती, लाईक किती, व्हिडिओ किती जणांनी बघितला, हे बाजूला ठेवा. पावसाळ्यात बारा मागण्या आल्या तर पुढच्या पावसाळ्यात चोवीस आणायच्या. एवढं जमलं तरी पुष्कळ.

इथे आमचे काही जुने सहकारी नाक मुरडतील. ही दुकानदारी झाली, यात चळवळ कुठे आहे, असं ते म्हणतील. दुकानदारी हा शब्द आपल्यात शिवीसारखा वापरला जातो, आणि तो वापरणाऱ्यांना बहुतेक वेळा महिन्याच्या एक तारखेला पगार मिळत असतो. त्यांनी जरा मागे बघावं. ‘मूकनायक’ निघाला ३१ जानेवारी १९२० रोजी. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून तो निघू शकला. त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला होता. म्हणजे प्रश्न पहिल्या दिवसापासून हाच होता: तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे, छापलेलंही आहे, पण ते अमुक ठिकाणी मिळतं हे लोकांना कळण्याची वाट दुसऱ्याच्या ताब्यात आहे. ‘मूकनायक’ १९२३मध्ये बंद पडला. ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ला सुरू झाला. बाबासाहेब त्याचे रकानेच्या रकाने स्वतः लिहून काढत होते. तरीही वर्गणीदार आणि पैसा यांच्या ओढाताणीत तो १९२९मध्ये थांबला. पत्राचं ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा सवाल बाबासाहेबांना लेखाच्या मथळ्यातच करावा लागला होता. ज्या माणसाने रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला त्याला हिशेब कळत नव्हता असं तर कुणी म्हणणार नाही ना? त्यांना हिशेब कळत होता म्हणूनच तो लेख लिहिला गेला. पत्र चालवायला पैसा लागतो, पुस्तक छापायला लागतो, वेबसाईट चालवायलाही लागतो. तो वाचकाकडून आला नाही तर उमेदवाराकडून येतो, आणि उमेदवाराकडून आला की पुढच्या अंकाचा अग्रलेख कोण लिहितो हे आपण सगळे जाणतो.

दुसरा गट तरुणांचा आहे. त्यांचं म्हणणं असं की वेबसाईट जुनी झाली, इन्स्टाग्रामवर पेज आहे, व्हॉट्सॲपवर कॅटलॉग आहे, तेवढं पुरे. हे म्हणणं आम्हाला धोक्याचं वाटतं. ऑर्कुट आठवतं? आपल्या पहिल्या पिढीच्या इंटरनेटवाल्यांनी तिथे किती वाद घातले, किती माहिती गोळा केली. ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं. टिकटॉकवर आपल्या गायकांनी, शाहिरांनी लाखांचा श्रोता जमवला होता, तो जून २०२०मध्ये एका सरकारी आदेशाने एका रात्रीत गेला. त्यातलं बरं-वाईट काय ते बाजूला ठेवू. मुद्दा असा की भाड्याच्या खोलीत कितीही सजावट केली तरी मालक म्हणेल त्या दिवशी बाहेर पडावं लागतं. आणि आपल्या पोस्टवर झुंडीने तक्रारी करून खातं बंद पाडायचा उद्योग कोण करतं, हेही वेगळं सांगायला नको.

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच घरात आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६मध्ये बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, मग भाषणातला मजकूर बदला म्हणून मागे लागले, आणि ते बधत नाहीत म्हटल्यावर परिषदच रद्द केली. व्यासपीठ मंडळाचं होतं, ते त्यांनी काढून घेतलं. बाबासाहेबांनी तेच भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांच्या आत संपल्या. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते दुसऱ्याच्या व्यासपीठावर अवलंबून न राहिल्यामुळे. इन्स्टाग्राम वापरा, जरूर वापरा, पण तिथे आलेल्या माणसाला स्वतःच्या दारापर्यंत आणा. तुमचं स्वतःचं नाव असलेला डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या घरात मिळतो. जयंतीच्या डीजेच्या एका तासाच्या भाड्याशी तुलना करून बघा.

आता जे आधीच वेबसाईट काढून बसले आहेत त्यांच्याबद्दल. आपल्या संस्था, नियतकालिकं, प्रकाशनं यांच्या वेबसाईटी आम्ही अधूनमधून उघडत असतो. पहिल्या पानावर महामानवांचे फोटो एकामागून एक सरकत असतात, खालून लाल अक्षरांची पट्टी पळत असते, ‘आगामी कार्यक्रम’ या खान्यात चार वर्षांपूर्वीची धम्म परिषद असते. पुस्तकांची यादी मागितली तर एक स्कॅन केलेलं पान उघडतं. तिथली अक्षरं आपल्याला दिसतात, गूगलला दिसत नाहीत. त्याच्या लेखी तो एक फोटो असतो. काही ठिकाणी श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाईप केलेला मजकूर तसाच चढवलेला असतो. तो कॉपी करून बघा, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा हाती येतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे. तीस वर्षं उलटून गेली, तरी आपली पुस्तकं इंटरनेटवर मुकी बसली आहेत, आणि आपण म्हणतो की शोधयंत्रं सवर्णांची आहेत. असतीलही. पण मुक्या पानाला कुठलंच यंत्र शोधू शकत नाही.

म्हणून पहिलं काम हे: पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, पानं, किंमत, आवृत्तीचं वर्ष आणि पाच-सहा ओळींची ओळख, हे सगळं युनिकोडमध्ये, प्रत्येक पुस्तकाला वेगळं पान. तुमच्याकडे ऐंशी पुस्तकं असतील तर आठवड्याला दोन या हिशेबाने हे काम पुढच्या ऑक्टोबरच्या आत संपतं, म्हणजे दीक्षाभूमीच्या गर्दीआधी. टाईप करणारं पोरगं घरातच असतं. त्याला पैसे द्या. ‘समाजाचं काम आहे’ म्हणून फुकट राबवून घेऊ नका. आपल्याकडे वेबसाईटी अर्धवट पडण्याचं निम्मं कारण हे फुकट राबवणं आहे.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे किल्ल्या. वेबसाईट कुणातरी उत्साही इंजिनिअर पोराने काढलेली असते. डोमेन त्याच्या वैयक्तिक ईमेलवर असतो. त्याला हैदराबादला नोकरी लागते, लग्न होतं, नंबर बदलतो. मुदत संपल्याचा ईमेल त्या जुन्या खात्यात पडून राहतो. मग एक दिवस आपल्या मासिकाच्या पत्त्यावर ऑनलाइन जुगाराची जाहिरात दिसू लागते. हे आम्ही एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. उपाय साधा आहे. डोमेन संस्थेच्या नावावर हवा, पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे हवा आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहिलेली हवी. विहाराच्या दानपेटीला दोन कुलपं लावतो, तसंच. शिवाय लेखांची एक प्रत दर महिन्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवावी. फोटो जड असतील तर हलके करावेत. खेड्यातल्या नेटवर्कवर आणि जुन्या मोबाईलवर पान उघडतं का, एवढं एकदा बघावं. याहून जास्त तांत्रिक काही आम्हाला सांगायचं नाही.

सांगायचं आहे ते पीडीएफबद्दल, आणि इथे आमचं भांडण आपल्याच माणसांशी आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ लेखनावरचे हक्क १ जानेवारी २०१७ला संपले. मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं, असा आपला कायदा आहे. ते साहित्य आता कुणीही छापू शकतो आणि वाटू शकतो. चांगलंच झालं. शासनाच्या भरवशावर किती बसणार? वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९मध्ये आला, आणि २०२१मध्ये छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण हक्क संपले ते मूळ लेखनावरचे. मराठी अनुवाद ज्याने केला त्याचा हक्क वेगळा असतो. दलित आत्मकथनं, कविता, आजच्या संशोधकांची पुस्तकं यांचे हक्क तर जिवंत माणसांचे आहेत. तरी आपल्या ग्रुपांवर रोज सकाळी ‘जय भीम, आजची भेट’ म्हणून अशा पुस्तकांच्या पीडीएफ येतात. पाठवणाऱ्याला वाटतं आपण प्रबोधन केलं. ज्या लेखिकेने दहा वर्षं गावोगाव हिंडून ते पुस्तक उभं केलं तिची दुसरी आवृत्ती त्या पीडीएफमुळे निघत नाही, कारण प्रकाशकाच्या घरात पहिलीच पडून आहे.

गरीब विद्यार्थ्याने काय करावं, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी विहारात वाचनालय काढा, दहा जणांत मिळून एक प्रत घ्या, प्रकाशकाला विद्यार्थी-सवलतीसाठी गळ घाला. पण ज्याच्या हातात वीस हजारांचा मोबाईल आहे त्याने दीडशे रुपयांचं पुस्तक फुकट पुढे ढकलू नये. आणि प्रकाशकांनीही नुसतं रडत बसू नये. पीडीएफ का चालते? कारण ती तीन सेकंदांत मिळते. तुमच्या पुस्तकासाठी फोन करावा तर उचलत नाहीत, उचलला तर ‘मनीऑर्डर करा’ म्हणतात. युपीआयला येऊनही बरीच वर्षं झाली आहेत. वेबसाईटवर मागणी नोंदवली, पैसे भरले आणि तीन दिवसांत पुस्तक टपालात पडलं, एवढं जमवा. अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. संकल्पांच्या त्या प्रत्येक यादीत एक कलम हमखास असतं: ‘आमच्याविषयी’ हे पान सुधारा, तुमचा चेहरा दाखवा, तुमचं नाव आणि तुमची गोष्ट सांगा, लोक माणसावर विश्वास ठेवतात. कोणत्या माणसावर? सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७चा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला होता. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा ठेवला. दलित आडनावांच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. शिक्षण तेच, कागद तोच, आडनाव वेगळं. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात ते हेच. एकाचं आडनाव दुकानाच्या पाटीवर लावलं की गिऱ्हाईक वाढतं, दुसऱ्याचं लावलं की कमी होतं. ‘जोशी’, ‘चितळे’ ही मिठाईवरची आडनावं चवीची हमी वाटतात. आपल्या मसालेवालीने पाकिटावर आडनाव टाकलं तर काय होतं, हे तिला विचारा. ती नुसतं ‘माऊली’ नाहीतर ‘अन्नपूर्णा’ का लिहिते, तेही विचारा. केटररला तर जास्तच. शिजवलेल्या अन्नाशी जात किती घट्ट चिकटली आहे ते पंगतीत वाढणाऱ्यालाच कळतं.

आपल्यातले काही कडवे भाऊ अशा धंदेवाल्यांना लगेच ‘लपून बसलेले’ म्हणतात. फोटो का नाही, निळा रंग का नाही, वेबसाईटच्या पहिल्या पानावर जय भीम का नाही? आम्हाला हा आवेश मान्य नाही. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे, त्याने कोणता धोका कधी पत्करायचा हे त्याचं त्याने ठरवायचं. त्याच्या दारात उभं राहून परीक्षा घेणारे तुम्ही स्वतः घरच्या लग्नाचं जेवण कुणाला देता? वर्धापनदिनाचे फ्लेक्स, जयंतीचे टी-शर्ट, विहाराच्या उद्‌घाटनाचा मांडव, धम्म परिषदेचं पाणी आणि नाश्ता, या ऑर्डरी कुठे जातात? आम्ही आमच्या भागातल्या दोन-तीन समित्यांना विचारलं. उत्तर आलं, ‘मार्केटमधून आणतो, स्वस्त पडतं.’ मग जे आपलं नाव उघड लावून बसले आहेत त्यांनी कशाच्या जोरावर बसायचं? सार्वजनिक खरेदीत छोट्या उद्योगांसाठी २०१२चं धोरण आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून चार टक्के खरेदी व्हावी असं सरकारी कागद तरी म्हणतो. आपल्या जयंती समितीच्या कागदावर किती टक्के लिहिलंय?

तेव्हा हे ध्येय धंदेवाल्याचं नाही, समित्यांचं आहे. येत्या १४ एप्रिलच्या खर्चातला ठरावीक हिस्सा, समजा चौथा भाग, आपल्या तालुक्यातल्या आपल्या व्यावसायिकांकडून घ्यायचा आणि हिशेब वाचताना त्यांची नावं वाचायची. दर जास्त असेल तर घासाघीस करा, काम वाईट असेल तर पुढच्या वर्षी बदला. पण आधी विचारा तरी. अशा दहा समित्या झाल्या की तो केटरर स्वतःहून आडनाव लावेल, त्याला कुणी शौर्य शिकवायला नको.

एक धोक्याची सूचना राहिली. वेबसाईटवर मागण्या येऊ लागल्या की विक्रेत्याकडे नाव, पत्ता, फोन यांची यादी तयार होते. आंबेडकरी पुस्तकं विकत घेणाऱ्यांची यादी ही साधी चीज नाही. निवडणुकीच्या तोंडावर ती मागायला पहिला कोण येईल ते आम्ही आजच सांगू शकतो, आणि तो निळा गमछा घालूनच येईल. १ जानेवारी २०१८नंतर कोणत्या याद्या कुणाच्या हातात जातात याचा विचार करणं आपल्याला भाग आहे. यादी पुस्तक पाठवण्यापुरती ठेवा, कुणालाही देऊ नका, आणि ‘देणार नाही’ हे वेबसाईटवर मराठीत ठळक लिहा. कायद्याच्या भाषेत नको, साध्या मराठीत.

आम्ही आमच्यापुरतं काय करणार ते सांगतो. आमच्या गटात सातजण आहेत. जिल्ह्यातल्या तीन छोट्या प्रकाशकांच्या याद्या युनिकोडमध्ये टाईप करायचं काम आम्ही हाती घेतलं आहे, मजुरी आमच्या वर्गणीतून. पहिली यादी ३१ जानेवारीला पूर्ण होईल. झाली नाही तर याच पानावर विचारा. जूनपासून दर महिन्याला किती मागण्या आल्या तो आकडा आम्ही इथेच छापू, तो शून्य असला तरी. ज्यांना आपापल्या जिल्ह्यात हे करायचं आहे त्यांनी जरूर कळवावं, याद्यांचा नमुना पाठवू.

आणि तोवर आमच्या ग्रुपांवर हक्क असलेल्या पुस्तकाची पीडीएफ आली की तिच्याखाली त्या पुस्तकाची किंमत, प्रकाशकाचं नाव आणि मागणीचा नंबर आम्ही टाकत राहू. रोज, प्रत्येक पीडीएफखाली. ॲडमिनला त्रास होत असेल तर त्याने आम्हाला ग्रुपमधून काढावं.

जय भीम.